रिकाम्या पळीच्या सिस्टर

परवा एका लग्नात वाढपी जिलेबीची परात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. माझा उजवा हात आपोआप ताटावर आडवा झाला, डावा छातीवर गेला, मान जराशी कलली आणि तोंडातून अगदी लाघवी 'नको' बाहेर पडलं. वाढपी पुढे गेला. शेजारच्या ताटावर उदगीरचे एक पाहुणे होते. 'नको, नको' म्हणता म्हणता त्यांच्या ताटात जिलेब्यांचा ढीग झाला होता. ते माझ्याकडे बघतच राहिले.

"सर, हे कुठं शिकलाव ओ?"

"सरकारी दवाखान्यात."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. पण मी अगदी खरं सांगत होतो. नको म्हणायचं रीतसर शिक्षण मी आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात घेतलं आहे, आणि मला ते देणाऱ्या बाईंना स्वतःला नको म्हणता येत नव्हतं.

आमचं गाव उदगीर-जळकोट रस्त्यावरचं. तिथल्या दवाखान्यात मी औषधं देतो. माझ्या खोलीची खिडकी व्हरांड्यात उघडते, त्यामुळे दवाखान्यातलं जे काही नाटक असेल ते मला बसल्या जागी, पहिल्या रांगेतून दिसतं. बीपी, शुगर आणि वजन यांचा वेगळा कक्ष सुरू झाला तेव्हा त्यासाठी इंदुमती सिस्टर आल्या. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीच्या. व्हरांड्यात चपला फटाक फटाक वाजल्या, पाठोपाठ मोठ्ठं हसू ऐकू आलं आणि मग बऱ्याच वेळाने खिडकीत पूर्ण सिस्टर मावल्या.

"नमस्कार सर. मी वजन कमी करणारी सिस्टर," त्या म्हणाल्या आणि स्वतःकडे बोट दाखवून परत हसल्या. "लोक हसतील ना मला बघून?"

मी औषधांच्या खोक्यात डोकं घातलं.

"हसू द्या ना! हसले की आत येतेत. आत आले की मी काट्यावर चढवून देते."

आणि झालंही तसंच. आमच्याकडे वजनकाट्यावर उभं राहायला लोक इंजेक्शनपेक्षा जास्त भितात. पण ह्या बाईंसमोर कुणाला लाज वाटायची नाही. जाड, लठ्ठ हे शब्द त्यांच्या तोंडी कधी ऐकले नाहीत. त्या अंगावरच्या चरबीला 'सामान' म्हणायच्या. "काय मामा, किती सामान घेऊन फिरून राहिले? थोडं उतरवून ठेवा ना इथं." मामा खूश होऊन काट्यावर चढायचे.

वरून एक रंगीत पोस्टर आलं होतं. त्यात एक सडपातळ बाई काकडीकडे बघून हसत होती. सिस्टर तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. "हिच्या घरी सासू नाही," असा निकाल देऊन त्यांनी ते पोस्टर काढलं आणि कपाटातल्या फळीवर अंथरलं.

हा निकाल त्यांनी उगाच दिला नव्हता. ओपीडीतले डॉक्टर आलेल्या माणसाला विचारायचे, काय खाता? माणूस सांगायचा, काहीच नाही, दोन भाकरी. सिस्टर पहिलाच प्रश्न विचारायच्या, "तुम्हाला वाढतं कोण?" या प्रश्नावर माणसं हमखास लाजायची, आणि मग भडाभडा बोलायला लागायची. कुणाची आई निघायची, कुणाची मावशी, कुणाची बायको, एकाची तर वहिनी. सगळी माणसं पोट भरल्यावरही जेवत होती, कारण वाढणाऱ्याला वाईट वाटू नये.

"माणूस भुकंनं खाऊन राहिला नाही, सर," सिस्टर मला म्हणाल्या. "लाजंनं खाऊन राहिला. याला गोळी हाय का तुमच्याकडं?"

नव्हती. म्हणून मग तालीम सुरू झाली.

दर गुरुवारी दुपारी ओपीडी आटोपली की व्हरांड्यात सतरंजी पडायची. वजन उतरवायला आलेली मंडळी मांडी घालून रांगेत बसायची. ज्यांना मांडी जमत नसे त्यांना बाकडं. प्रत्येकासमोर स्टीलचं रिकामं ताट. आणि सिस्टर हातात एक रिकामी पळी घेऊन पंगतीतून फिरायच्या. ताटात काही नाही, पळीत काही नाही, पण आग्रह मात्र अस्सल. "घ्या ना, एवढीच. माझ्यासाठी. काय विष घातलं का मी? मागल्या लग्नात तर चांगले खाल्ले होते. गरिबाचं आवडून राहिलं नाही वाटतं." समोरच्याने हसतमुखाने, वाढणाऱ्याला न दुखवता, नको म्हणायचं. हात कसा आडवा ठेवायचा, दुसरा कुठे, मान किती कलवायची, हे सगळं शिकवलेलं. शिवणकाम करणाऱ्या रेहानाआपा या प्रकारात इतक्या तरबेज झाल्या की त्यांचं 'बस, दीदी, बस' ऐकून वाढणाऱ्यालाच मेजवानी मिळाल्यासारखं वाटायचं. मीही थोडंफार सामान बाळगून होतो, त्यामुळे खिडकीतून बघता बघता एक दिवस मलाही सतरंजीवर ओढण्यात आलं.

या तालमीत सगळ्यात ढ विद्यार्थी म्हणजे शिवलिंगप्पा. गावातले गूळ-शेंगांचे मोठे व्यापारी. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरा पायजमा-शर्ट, आवाज बाजारभर ऐकू जाणारा आणि स्वभाव त्यांच्याच दुकानातल्या गुळाचा. त्यांच्या बाबतीत मात्र गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. अप्पांना हर्निया होता आणि तो वाढत चालला होता. लातूरच्या सर्जननी तपासून सांगितलं होतं, एवढ्या वजनावर मी टेबलावर घेणार नाही, आधी वजन उतरवा. आणि फार उशीर करू नका, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. अप्पांनी ते आम्हाला हसत सांगितलं होतं. पण सांगताना त्यांचा हात पोटाखाली धरलेला होता, आणि तो तिथून निघत नव्हता.

अप्पांची पहिली तालीम मला आजही आठवते. सिस्टर रिकामी पळी घेऊन पुढे आल्या. "अप्पा, जिलेबी."

"नको सिस्टर."

"एकच."

"बरं, एकच वाढा," अप्पा म्हणाले.

पंगत हसून लोळली. सिस्टरांनी चेहरा गंभीर ठेवला आणि रिकाम्या पळीनं रिकाम्या ताटात एक जिलेबी वाढली. "आता जोडी करा. एक अशुभ असते."

"ते बी खरंच हाय," अप्पा म्हणाले.

अप्पांनी नसलेल्या जिलेब्यांचा असा फडशा पाडला की विचारू नका. शेवटी ताटावरून उठताना त्यांनी सवयीनं ढेकर दिला. सिस्टरांनी कपाळाला हात लावला. मग पळी टाकून सतरंजीवरच बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"तुम्हाला घरी कोण वाढतं, अप्पा?"

"अव्वा," अप्पा म्हणाले.

अव्वा म्हणजे अप्पांची आई. त्यांच्या घरात आईला अव्वाच म्हणतात, आणि सगळं गावही तिला अव्वाच म्हणतं. काठी टेकत चालणारी, पण हातात पळी आली की काठी विसरणारी. घरात सून होती, नातसुना होत्या, पण अप्पांचं ताट वाढायचा हक्क अव्वानं कुणाला दिला नव्हता.

"मग पेशंट अव्वा हायत," सिस्टर म्हणाल्या. "चला सर, घरी जाऊन समजावून सांगू."

आम्ही गेलो. वाटेत सिस्टर काय काय बोलायचं ते घोकत होत्या. तेल, गूळ, हर्निया, ऑपरेशन, सगळं मुद्देसूद. दारात लिंगायत रीतीनं शरणार्थ-नमस्कार झाला. अव्वानं सिस्टरांना आपादमस्तक न्याहाळलं आणि तिचा चेहरा उजळला. दवाखान्यातून अशी अंगानं भरलेली, समाधानी बाई येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"बस गं माय. उन्हातानाचं कशाला फिरूलालीस? शेंगापोळी करूलालेव, गरम हाय."

"अव्वा, मी थोडं बोलायला आले होते."

"खात खात बोल की."

पहिल्या पोळीपर्यंत सिस्टर तेलावर होत्या. दुसरी पोळी आली तेव्हा त्यांनी हात आडवा केला, मान कलवली, सगळं पाठाप्रमाणे. अव्वानं त्यांचा हात अलगद बाजूला केला आणि पोळी ठेवली. वर तुपाची धार. मग ती समोर बसली आणि तिनं न विचारताच सांगितलं.

"दुष्काळाच्या साली हे लेकरू एवढंसं होतं. एक दिवस घरात काहीच न्हवतं. रिकामी ताटली चाटून झोपलं माझं बाळ. रडलं सुदिक न्हाई. तवाच म्या महादेवाला म्हणलेव, माझ्या जित्यापणी ह्याचं ताट आता रिकामं दिसणार न्हाई."

सिस्टरांचा घास हातातच राहिला. मीही मान खाली घातली. हर्निया, तेल, गूळ, सगळं आमच्या डोक्यातून उतरलं होतं. त्या बाईला काय सांगायचं? सिस्टरांनी दुसरी पोळी संपवली. तिसरीही घेतली. निघताना त्यांच्या हातात एक डबाही आला.

रस्त्यानं त्या डबा छातीशी धरून चालत राहिल्या. मग चपला फटाक फटाक वाजवत म्हणाल्या, "सर, गुरुवारच्या पंगतीत हे कुणाला सांगू नका."

"डब्याचं?"

"सगळंच. ह्या बाईपुढं माझी तालीम चालंना झाली. चांगुलपणानं वाढणाऱ्याला नको कसं म्हणायचं, ते मलाच कुणी शिकवलं नाही हो."

तरी त्यांनी हार मानली नाही. अव्वाच्या नजरेआड जे करता येईल ते सगळं सुरू केलं. दुकानातल्या चहाची साखर गेली, दुपारच्या गूळ-शेंगा गेल्या, संध्याकाळचं वडापावचं पुडकं गेलं. अप्पा गुरुवारी काट्यावर चढायचे, सिस्टर वाकून बघायच्या, आणि काटा जरा जरी मागे सरकला तरी दोघं एकमेकांना टाळ्या द्यायची. हळूहळू अप्पांचा शर्ट ढगळ दिसायला लागला.

आणि बाजारात बोभाटा झाला. आमच्याकडे व्यापाऱ्याचं पोट म्हणजे दुकानाची पाटी. अप्पांचं पोट उतरलं म्हणजे धंदा बसला, इथपासून ते अप्पांना मोठा आजार झालाय, इथपर्यंत सगळं बोलून झालं. शेतकरी दुकानात येऊन काळजीनं विचारायचे, "अप्पा, सगळं ठीक हाय न्हवं?" अप्पा वैतागून सिस्टरांकडे आले. "सिस्टर, लोक मला जित्यापणी भेटायला येऊलालेत. परत खायला चालू करू का?"

"खबरदार," सिस्टर म्हणाल्या. "असं करा, रोज सकाळी पूर्ण बाजारातून पायी जा. जोरात चाला अन् जोरात हसा. हसणाऱ्या माणसाला कुणी आजारी म्हणत नाही. चालणं बी होते, बाजार बी गप्प होते."

अप्पांनी हे शब्दशः मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ते एस.टी. स्टँडपासून मारुतीपर्यंत ताडताड चालायचे, आणि मध्येच, समोर कुणी असो नसो, खदाखदा हसायचे. धंदा बसल्याची बातमी खरोखरच थांबली. तिच्या जागी अप्पांच्या डोक्यावर परिणाम झाल्याची बातमी सुरू झाली. रेहानाआपांनी ती शिलाई मशीनवरून थेट दवाखान्यात आणली. सिस्टरांना हसू आवरेना. "चालू द्या," त्या म्हणाल्या. "येड्याला कुणी आग्रह बी करत नाही."

अव्वाला मात्र हसू येत नव्हतं. तिनं मीठमिरच्यांनी अप्पांची दृष्ट काढली, गुणकारी म्हणून डिंकाचे लाडू केले, आणि एका सकाळी काठी आपटत माझ्या खिडकीशी येऊन उभी राहिली.

"कोणती गोळी देऊलालाव रे माझ्या लेकराला? पार वाळवून टाकलाव की!"

लेकरू तिच्या मागेच उभं होतं. मिशा पिकलेलं, एकशे एक नातेवाइकांच्या लग्नांत मानपान घेतलेलं, आणि आईपुढे बोटं मोडत असलेलं. "गोळी न्हाई देत, अव्वा," मी म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही. सिस्टर धावत आल्या, तिचा हात धरला. अव्वा त्यांच्यावर रागावली नाही. फक्त म्हणाली, "तू तरी बरी दिसूलालीस. तुला ते औषध न्हाई दिले वाटतं."

मग आली येळवस. लातूरकडच्या माणसाला वेळ अमावस्या म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, बाहेरच्याला कितीही सांगितलं तरी कळत नाही. त्या दिवशी गावाला कुलूप लागतं. सगळं गाव शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, त्यात चुन्यानं रंगवलेले दगडांचे पांडव, मडक्यात लसणाची आंबील, आणि मग सगळ्या भाज्या-शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर. रस्त्यानं जाणारा ओळखीचा असो की परका, त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. एका शेतात जेवलेला माणूस दुसऱ्या शेतातून उपाशी सुटू शकत नाही. आणि सर्जननी अप्पांना बोलावलं होतं ते नेमकं येळवशीच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी काट्यानं हो म्हटलं तर ऑपरेशनची तारीख, नाहीतर परत पुढच्या फेरीची वाट. अप्पा काठावर होते. आणि गेल्या काही दिवसांत त्यांचं पोट दोनदा दुखलं होतं. ते त्यांनी घरी सांगितलं नव्हतं, फक्त सिस्टरांना सांगितलं होतं.

सिस्टर ऐन वेळी एक युक्ती घेऊन आल्या. "अप्पा, पंगतीत सगळ्यात कमी कोण खाते? वाढपी! तो वाकतो, पळतो, घाम गाळतो, अन् जेवत नाही. उद्या दिवसभर पळी तुमच्या हातात. कुणाच्या शेतात जायचं नाही. आपल्याच शेतात वाढून राहा."

युक्ती झकास होती. त्या दिवशी अप्पा सकाळपासून वाढत होते. पंगतीमागून पंगत उठत होती. भज्जीचं पातेलं घेऊन अप्पा कोपीपासून बांधापर्यंत नुसते धावत होते, लोकांना आग्रह करकरून वाढत होते, आणि मध्येच सवयीनं खदाखदा हसत होते. तालमीची आमची सगळी मंडळी आली होती. सिस्टर पायात बूट घालून अप्पांच्या मागे पहाऱ्याला. ऊन कलेपर्यंत अप्पांच्या पोटात दोन वाट्या आंबील सोडून काही गेलं नव्हतं. सिस्टर माझ्याकडे बघून भुवया उडवत होत्या.

पण सिस्टर उमरीच्या. त्यांच्याकडे येळवस अशी नसते. आणि आम्हा इथल्यांना ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली की त्यांना सांगायचं कुणाला सुचलंच नाही. शेवटची पंगत वाढप्यांची असते. दिवसभर राबलेल्या वाढप्यांना सगळ्या बायका मिळून वाढतात, आणि त्या पंगतीत जो आग्रह होतो तसा जावयालाही होत नाही.

"बसा आता वाढपी!" आरोळी उठली. अप्पांना खांदे धरून बसवलं. सिस्टरांचा चेहरा पडला. त्या जाऊन अप्पांच्या शेजारी चिकटून बसल्या. एकेक बाई येऊ लागली. अप्पांनी हात आडवा केला, मान कलवली. "नको, माय." सून परतली. "नको, काकू." काकू परतल्या. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. आमचा सगळ्यात ढ विद्यार्थी पहिल्यांदा पास होत होता.

मग बायका बाजूला झाल्या आणि खिरीचं भांडं घेऊन अव्वा आली. काठी कोपीपाशीच राहिली होती.

"दिवसभर उपाशी हाय माझं बाळ."

तिनं पळी भरली. अप्पांचा हात आडवा होता. मी सिस्टरांकडे पाहिलं. त्यांना ती रिकामी ताटली आठवली असणार, कारण मलाही तीच आठवत होती.

"अव्वा," अप्पा म्हणाले, "नको."

अव्वाला जन्मात पहिल्यांदा तिच्या लेकानं नको म्हटलं होतं. भरलेली पळी तशीच अधांतरी राहिली.

"माझं चुकलं का रे काही?" तिनं विचारलं.

अप्पा उठले. दिवसभराची सवय, त्यांनी आईच्या हातातली पळी आणि भांडं काढून घेतलं. "अव्वा, तू जेवलीस का?"

"म्या? म्या जेवंन की मागून."

"तू कायमच मागून जेवूलालीस. तुला आजवर कोण वाढलंय? बस."

त्यांनी तिला आपल्याच ताटावर बसवलं. खीर वाढली, उंडा वाढला, भज्जी वाढली. सगळं शेत बघतंय म्हणून अव्वा अवघडून गेली होती. ती जेवायला लागली आणि अप्पा वाढत राहिले. "घे गं, अजून एक. माझ्यासाठी. विष घातलंय का म्या?" सगळे शब्द सिस्टरांचे. अव्वानं घेतलं, परत घेतलं, आणि मग तिनं दोन्ही हात ताटावर आडवे धरले.

"साकु रे, साकु! पुरं! पोट फुटूलालंय माझं! नको!"

अप्पा तिथंच थांबले. पळी खाली ठेवली.

"बघ अव्वा. तू नको म्हणलीस, म्या थांबलेव. माझ्या बी पोटात दुखूलालंय गं. लई दुखूलालंय. तू बी थांब की."

अव्वा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं हात पुढे केला आणि लेकाच्या पोटावरून फिरवला. "सांगायचं न्हाई व्हय," एवढंच ती म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता आणि माझेही डोळे भरले होते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण इतक्यात मागून रेहानाआपा ओरडल्या, "माशाल्ला! अव्वा पहिल्याच तालमीत पास!" आणि सगळं शेत टाळ्या वाजवायला लागलं. अव्वाला काही कळलं नाही, पण तीही हसली. मग तिची नजर उरलेल्या खिरीवर गेली. तिथून शेजारी गेली.

"मग तू घे गं, इंदू."

आणि आमच्या सिस्टरांनी, सगळ्या शिष्यांच्या देखत, ताट पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी लातूरला काट्यानं हो म्हटलं. सर्जननी विचारलं, काय औषध घेतलं? अप्पा म्हणाले, "औषध न्हाई, तालीम घेतली." ऑपरेशन झालं आणि नीट झालं. वॉर्डात अव्वा उशाशी बसली होती, आणि भेटायला येणाऱ्यांनी आणलेले डबे दारातूनच परत पाठवत होती. "डॉक्टरनं न्हाई, म्या सांगूलालेव," असं बजावून. घरी आल्यावर अप्पांच्या ताटाचा हक्क तिनं सोडला नाही, फक्त नियम बदलला. एकदा विचारायचं. नको म्हटलं की पळी मागे.

पुढच्या वर्षी सिस्टरांची बदली झाली. उमरीला सासूबाई एकट्या होत्या, म्हणून त्यांनीच मागून घेतली होती. आनंदाची गोष्ट होती, त्यामुळे कुणाला धड रडताही येईना. निरोपाच्या दिवशी तालमीच्या मंडळींनी ठरवलं की काही झालं तरी सिस्टरांना खायचं काही द्यायचं नाही. गुरूचा मान ठेवायचा. रेहानाआपांनी कापडी पिशवी शिवली, आम्ही त्यात ती रिकामी पळी घालून दिली.

एस.टी. स्टँडवर नांदेडची गाडी लागली. सिस्टर खिडकीशी बसल्या. आम्ही सगळे शिस्तीत, रिकाम्या हातांनी खाली उभे. तेवढ्यात गर्दीतून काठी ठकठकली. अव्वा आली, आणि तिच्या हातात फडक्यात बांधलेला डबा होता.

"इंदू, शेंगापोळ्या हायत. घे."

सिस्टरांनी आमच्याकडे पाहिलं. सगळे शिष्य समोर उभे. त्यांनी एक हात खिडकीवर आडवा ठेवला, दुसरा छातीवर, मान कलवली. इतकं सुंदर नको मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"नको, अव्वा."

"बरं," अव्वा म्हणाली आणि डबा पदराखाली घेतला.

कंडक्टरनं घंटी मारली. सिस्टर आ वासून अव्वाकडे बघत होत्या.

"अव्वा! एकदाच विचारून राहिले तुम्ही?"

"तुझंच तर शिक्षण हाय की," अव्वा शांतपणे म्हणाली.

गाडी हलली. खिडकीतून सिस्टरांचं अर्धं अंग बाहेर आलं. "अहो, एकदा तरी आग्रह करा!"

आम्ही हसून हसून वाकलो होतो, त्यामुळे आमच्यातल्या कुणाच्याच हातून काही झालं नसतं. पण अप्पांनी अव्वाच्या पदराखालून डबा ओढला आणि ते पळत सुटले. हेच अप्पा एकेकाळी हा स्टँड ओलांडताना मध्ये बसून घ्यायचे. आता पांढरा शर्ट वाऱ्यावर फडफडवत, रसवंतीवरून, रिक्षांमधून, कुत्र्यांना चुकवत ते गाडीमागे धावत होते, आणि बाजार रस्त्यावर येऊन बघत होता. फाटकापाशी त्यांनी खिडकी गाठली. आतून एक गुबगुबीत हात बाहेर आला आणि त्यानं डबा घेतला. अप्पा गुडघ्यांवर हात टेकून थांबले आणि खदाखदा हसायला लागले. या वेळी त्यांच्या हसण्याला कारण होतं.

गाडी जळकोटच्या वळणाला लागली तरी सिस्टर हात हलवत होत्या. हातात डब्याचं झाकण होतं.